तोटीचा लाल माठ : चारही ऋतूंत वापरून पाहिल्यावर

मागच्या मार्चअखेरीस मानेवाडा रिंग रोडच्या कडेला बसणाऱ्या एका कुंभार जोडप्याकडून मी तोटीचा लाल माठ घेतला. सांगितला चौदा लिटरचा. काठोकाठ न भरता बारा लिटर आरामात मावतं. किंमत ३५० रुपये, लोखंडी तिवई वेगळी. उन्हाळा, पावसाळा, ऑक्टोबरची तलखी आणि थंडी असं सगळं त्याच्यासोबत काढून आता लिहिते आहे. निकाल आधीच सांगून टाकते. मार्चपासून पाऊस लागेपर्यंत नागपुरात पाणी पिण्यासाठी याहून चांगली वस्तू मला माहीत नाही. पावसाळ्यात त्याचा फारसा उपयोग नाही आणि थंडीत त्याला सुट्टी द्यावी.

मी शाळेत शारीरिक शिक्षण शिकवते. पोरं मैदानावर धावतात, घामाघूम होतात, कधी चक्कर येऊन बसतात, त्यामुळे पाणी हा माझ्या रोजच्या कामाचाच भाग आहे. घरी सासरे आहेत, पंचाहत्तरीच्या पुढचे. माठ घेतला तो मुख्यतः त्यांच्यासाठी.

आधी निवड कशी करायची ते, कारण निम्मा फायदा तिथेच ठरतो. त्या मावशींकडे तीन प्रकारचे माठ होते: साधे लाल, काळे, आणि रंगीत वेलबुट्टी काढलेले. माझा हात आधी वेलबुट्टीकडेच गेला होता. मावशी म्हणाल्या, "तो नेऊ नोका मॅडम. दिसाले बरा हाये, पन पाझरत नाही. पाझरला नाही त थंडा कसा होईन?" ऑईलपेंट मारला की मातीची छिद्रं बुजतात, आणि माठाचं सगळं काम त्या छिद्रांवरच चालतं. मातीत भुसा किंवा लीद मिसळतात ती याचसाठी. भट्टीत ती जळून जाते आणि मागे बारीक पोकळ्या राहतात. लाल आणि काळ्यात थंडाव्याचा मोठा फरक असतो असं मला दिसलेलं नाही. भट्टीत हवा मोकळी मिळाली तर माती लाल होते, धूर कोंडून ठेवला तर काळी.

बोटाच्या पेराने टिचकी मारून बघा. खणखणीत आवाज आला तर घ्या, भदभद वाजला तर कुठेतरी बारीक तडा आहे. पाणी भरून दाखवायला सांगा, चांगला विक्रेता नाही म्हणत नाही. तोंड एवढं रुंद हवं की हात कोपरापर्यंत आत जाईल, नाहीतर तळ घासता येत नाही. आणि तोटीच्या आतून-बाहेरून रबरी वायसर आहे का ते जरूर पाहा, त्याबद्दल पुढे सांगते.

घरी आणल्यावर पहिला दिवस-रात्र तो नुसता पाण्यात बुडवून ठेवला. नंतर दोनदा भरून ते पाणी झाडांना घातलं, तेव्हा कुठे मातीचा कच्चा वास गेला. घासायला नारळाचा काथ्या आणि गरम पाणी, बस. निघताना मावशींनी बजावलं होतं, "याले साबन लावू नोका. मातीनं साबन पेला का मंग पान्याले वर्सभर तोच वास येते." हे शब्दशः खरं आहे. आमच्या शेजारच्या घरी पाहुण्या मुलीने माठ भांड्याच्या साबणाने धुतला, आणि तो माठ आता तुळशीजवळ माती भरून ठेवला आहे.

आता थंडाव्याचं. नागपूरचा मे सगळ्यांना ठाऊक आहे. २३ मे २०१३ रोजी इथे ४७.९ अंशांची नोंद झाली होती. हे ऊन त्रासाचं खरं, पण ते कोरडं असतं, आणि माठाला नेमकी तीच हवा लागते. माठातून पाझरलेलं पाणी बाहेरच्या अंगावर वाफ होऊन उडतं. एक ग्रॅम पाणी असं उडताना जवळपास ५८० कॅलरी उष्णता घेऊन जातं. म्हणजे बाहेरून उष्णता आत आलीच नाही असं धरलं, तर पेलाभर पाणी उडाल्यावर बारा लिटर पाणी नऊ-दहा अंशांनी उतरतं. प्रत्यक्षात बाहेरची उष्णता सतत आत येत असते, म्हणून उडणारं पाणीही पुष्कळ जास्त असतं. सकाळी भरलेला माठ संध्याकाळी बराच खाली गेलेला दिसला तर तो फुटका समजू नका, तो काम करतो आहे. मे महिन्याच्या दुपारी आमच्या मागच्या पडवीत पारा ४१-४२ वर असताना माठातलं पाणी पंचवीस-सव्वीस अंशांवर होतं. स्वयंपाकघरातला थर्मामीटर बुडवून पाहिलं.

जागा फार महत्त्वाची. सावली हवी आणि वारा हवा. बंद स्वयंपाकघरात गॅसशेजारी ठेवलेला माठ कोमटच राहतो. आणखी एक गोष्ट इथल्या घरांसाठी मुद्दाम सांगते, कारण आपल्याकडे उन्हाळा म्हणजे कूलर. दारं-खिडक्या लावून कूलर चालवलेल्या खोलीत हवा दमट होते, आणि दमट हवेत पाणी उडत नाही. तिथे माठ ठेवला तर पाणी थंड होत नाही आणि दोष माठाला मिळतो. आम्ही तो मागच्या दाराजवळ ठेवला, जिथून दिवसभर गरम झोत येतो. भोवती ओलं बारदान गुंडाळलं आणि सकाळ-दुपार त्यावर पाणी शिंपडलं. नवतप्यातल्या, म्हणजे मेअखेरच्या सगळ्यात कडक उन्हाच्या, त्या नऊ दिवसांत, जेव्हा नळाचं पाणी हाताला चटका देतं, माठाचं पाणी पिऊन जीव खरोखर थंड होत होता.

सासऱ्यांचं सांगते. वय झालं की तहान कमी लागते. शरीराला पाणी हवं असतं, पण तशी जाणीवच नीट होत नाही. त्यामुळे म्हाताऱ्या माणसाला "तहान लागली की प्या" हा सल्ला पुरत नाही. बाबा फ्रिजचं पाणी दोन घोट घेऊन ठेवून द्यायचे. दाताला झिणझिण्या येतात, घसा धरतो. साधं पाणी उन्हाळ्यात गरम, म्हणून तेही नको. मग दुपारपर्यंत एक पेला, संध्याकाळी डोकं जड, लघवी गडद पिवळी. माठ आल्यावर त्यांनी आपणहून पेला भरून घ्यायला सुरुवात केली. "हे पाणी गोड लागते," एवढंच ते म्हणतात. व्यायाम करताना प्यायच्या पाण्याचं तापमान १५ ते २२ अंश असावं असं आम्हाला शिकवलेलं आहे. माठ मेमध्ये तिथपर्यंत पोचत नाही, पण एकदम पेलाभर पिता येईल इतकं सोसवणारं पाणी नक्की देतो. बर्फगार पाण्याचे घोट घेऊन माणूस थांबतो, माठाचा पेला पूर्ण संपतो. तोटी असल्यामुळे त्यांना वाकून ओगराळ्याने काढावं लागत नाही, हा फायदा तरुण माणसाच्या लक्षात येणार नाही.

पाणी किती प्यावं, हे मला पालकसभेत नेहमी विचारतात. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या मार्गदर्शिकेत दिवसाला सुमारे आठ पेले, म्हणजे दोनेक लिटर असं आहे. उन्हात काम करणाऱ्याला, मैदानावर खेळणाऱ्याला ते पुरत नाही. मी आकड्यापेक्षा लघवीच्या रंगावर भर देते: फिकट पिवळी असेल तर ठीक, गडद झाली तर पाणी कमी पडतंय. हृदयाचा किंवा किडनीचा त्रास असलेल्यांनी मात्र डॉक्टरांनी ठरवून दिलेलं प्रमाणच पाळायचं, माठाचं पाणी कितीही गोड लागो.

आमच्या शाळेत एप्रिलमध्ये सकाळपाळी असते. विदर्भातल्या शाळा उरलेल्या महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या शेवटी उघडतात, तेही उन्हामुळेच. पण मार्च-एप्रिलचं ऊन पोरांच्या डोक्यावर असतंच. घरचा अनुभव बघून आम्ही वर्गणी काढून व्हरांड्यात तसेच दोन माठ ठेवले. मुलगे आले, प्याले, गेले. मुली आल्याच नाहीत. हे फक्त आमच्या शाळेचं नाही. मी जिथे जिथे शिकवलं तिथे पाहिलं आहे. स्वच्छतागृह खराब असलं, कडी लागत नसली, पाणी नसलं, की मुली सकाळपासून पाणीच पीत नाहीत, म्हणजे जायलाच नको. मग पोट दुखतं, लघवीला जळजळ होते, डोकं दुखतं, आणि आई म्हणते उन्हामुळे. कुठल्याही माठाने हा प्रश्न सुटत नाही. आधी कडी बसवली, बादली-मग ठेवला, सफाईची वेळ ठरवली, तेव्हा मुली माठाकडे वळल्या. केरळने २०१९ साली शाळांमध्ये पाण्यासाठी वेगळी घंटा सुरू केली. मी माझ्या तासांपुरती तीच पद्धत उचलली: मैदानावर उतरण्याआधी सगळ्यांनी पाणी प्यायचं, मध्ये एकदा, शेवटी एकदा. सांगून लक्षात राहत नाही, घंटा वाजली की पाय आपोआप वळतात.

घाम खूप गेला असेल तर नुसतं पाणी पुरत नाही, मीठही जातं. माठाशेजारी उन्हाळाभर ताकाचं पातेलं आणि कैरीच्या पन्ह्याची बाटली असतेच. पन्ह्यात साखर-गूळ जरा हात राखून, मीठ आणि जिरेपूड नीट. उलट्या-जुलाब झाले तर औषधाच्या दुकानातली ओआरएसची पुडी, आणि ती नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. मोजून घालायचं, अंदाजाने नाही. मीठ जास्त झालं तर लहान मुलाला ते घातक ठरतं. खोक्यातली गोड पेयं ओआरएस समजून पाजू नका, त्यात साखर फार असते. आणि ऊन लागून माणूस बरळायला लागला, अंग तापून भट्टी झालं, शुद्ध हरपत चालली, तर घरगुती उपायांत वेळ घालवायचा नाही. सावलीत घ्यायचं, ओल्या कापडाने अंग गार करायचं, वारा घालायचा आणि थेट दवाखाना. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी ओतायचं नाही. खिशात कांदा ठेवणारे ठेवोत बापडे, पण डोक्याला दुपट्टा आणि पोटात पाणी असल्याशिवाय दुपारी बाहेर पडू नका.

आता उणिवा. पहिली तोटीची. सोबत येणारी प्लास्टिकची तोटी हलकी असते आणि तिचा वायसर उन्हाने कडक होतो. आमची महिन्याभरात थेंब थेंब गळू लागली. खालच्या वाडग्यात साठलेलं पाणी कुंडीत जायचं, पण फरशी ओली राहायची आणि बाबा घसरतील ही धास्ती वेगळी. हार्डवेअरच्या दुकानातून नवा वायसर आणून बसवला. बसवताना आवळायचं ते हातानेच. पान्याने आवळलं तर भोकाभोवतीची माती तडकते.

दुसरी उणीव म्हणजे सफाई. आठवड्यातून एकदा तो पूर्ण रिकामा करून, काथ्याने घासून, वाळवून भरावाच लागतो. हे जमणार नसेल तर माठ घेऊच नका, हे मी अगदी मनापासून सांगते. आतून बुळबुळीत थर धरतो. त्याहून वाईट म्हणजे झाकण नीट बसत नसेल तर डास. डेंग्यूचा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यातच अंडी घालतो, ती भांड्याच्या कडेला चिकटतात, आणि अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. आठवड्याचा कोरडा दिवस पाळायला महापालिकेचे लोक सांगत फिरतात तो याच हिशेबाने. नुसतं पाणी ओतून टाकून भागत नाही, कडा घासल्या पाहिजेत. आम्ही मातीच्या झाकणाखाली दुहेरी सुती कापड बांधतो.

तिसरी गोष्ट उणीव म्हणावी की नाही, पण बोललं पाहिजे. माठ पाणी थंड करतो, शुद्ध करत नाही. माठाच्या पाण्याने पित्त जातं, अमुक बरं होतं, तमुक बरं होतं असं विकणारे सांगतात. मी त्यासाठी माठ घेतला नाही आणि कुणी घेऊ नये. आपल्या नागपुरात नळाला पेंच आणि कन्हान नद्यांचं पाणी शुद्ध होऊन येतं. ते गाळून भरलं तर ठीक, पण बोअरचं किंवा शंकास्पद पाणी माठात ओतलं म्हणून पिण्याजोगं होत नाही.

जूनमध्ये पाऊस लागला आणि माठाचा जीव गेला. हवा दमट, पाणी उडेना, बाहेरचं अंग नुसतं ओलं आणि आतलं पाणी नळाइतकंच. बारदानाला बुरशीचा वास. शिवाय पावसाळ्यात पाणी उकळून पिणं बरं. खळाळून उकळी आल्यावर मिनिटभर ठेवलं की पुरे. उकळलेलं पाणी पुन्हा माठात साठवण्यात अर्थ नाही, म्हणून जुलैत तो धुऊन, कडक ऊन मिळालं तेव्हा वाळवून, सज्जावर उपडा ठेवला. ते तीन महिने झाकणाच्या स्टीलच्या टाकीवर गेले. पावसाळ्यात घाम वाळत नाही, चिकचिक होते, आणि तहान मात्र कळत नाही, तेव्हा टाकी डोळ्यांसमोर ठेवणं एवढाच उपाय.

ऑक्टोबरमध्ये आकाश मोकळं झालं, दुपार तापू लागली, तेव्हा माठ खाली उतरवला. दिवाळीपर्यंत छान चालला. मेइतका गार होत नाही, पण तेव्हा तेवढ्या गारव्याची गरजही नसते.

थंडीत खरी पंचाईत होते, आणि याकडे लोकांचं लक्ष नसतं. डिसेंबर २०१८ मध्ये नागपुरात पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला होता. एवढी नाही, तरी दरवर्षी थंडी पडतेच, आणि पाण्याकडे कोणी बघत नाही. चहा चारदा, पाणी दोनदा. पण हवा कोरडी असते, ओठ फुटतात, श्वासासोबत पाणी जातं, थंडीने लघवीही जास्त होते. माझ्या एका सहकारी सरांना मुतखड्याचा त्रास थंडीत उठला. दिवसाला दोन-अडीच लिटर लघवी होईल इतकं पाणी प्या, असं डॉक्टरांनी त्यांना सांगितलं. तहानेवर विसंबून तेवढं पाणी जात नाही. थंडीत माठाचं पाणी बाबांना सोसवणारच नव्हतं. तो पुन्हा वर गेला आणि टेबलावर कोमट पाण्याचा थर्मास आला. एक लिटरचा थर्मास सकाळी भरायचा, जेवणापर्यंत संपवायचा, दुपारी पुन्हा भरायचा. सोबत संत्री. अंबिया बहाराची (उन्हाळ्याआधी फुलणारी) संत्री ऑक्टोबर ते डिसेंबर येतात, मृग बहाराची (पावसाच्या सुरुवातीला फुलणारी) फेब्रुवारीपासून, म्हणजे नेमकी जेव्हा पाणी प्यायचा कंटाळा येतो तेव्हाच. संत्र्यात बहुतांश पाणीच असतं. रस काढून साखर घालण्यापेक्षा फोडी खा. मार्चपासून टरबूज आणि काकडी आहेतच.

मोठ्या थंड पाण्याच्या जारशी तुलना कोणी विचारेल. जार आणायचा, परत द्यायचा, रोजचे पैसे. समारंभाला ठीक आहे, घराला नाही. थंड पाण्याचं मशीन मोठ्या शाळेला लागतं, पण वीज गेली की संपलं. माठाला वीज लागत नाही, आणि आपल्याकडे भर मेच्या दुपारी वीज जाते तेव्हाच पाण्याची गरज सगळ्यात जास्त असते.

या मार्चमध्ये जुना माठ पुन्हा भरून पाहिला. बाहेरून पांढरे क्षार चढले होते, लिंबाच्या साली आणि जाड्या मिठाने घासूनही पुरते निघाले नाहीत. पाझर कमी झाला, थंडावाही. दरवर्षी नवा माठ घ्यायची रीत आहे, अक्षय्यतृतीयेला पाण्याने भरलेला घट दान देतात, त्यामागे हे कारण असेलच असं म्हणणार नाही, पण नवा माठ खरंच जास्त गार करतो. बोअरचं जड पाणी वापरणाऱ्यांकडे तो एका उन्हाळ्यातच बुजतो. जुन्याचा तळ कापून तो अंगणात पक्ष्यांसाठी उथळ पाणी भरून ठेवला आहे. तेही दर दोन दिवसांनी बदलावं लागतं, डासांच्याच कारणाने.

म्हणून परत त्याच मावशींकडे गेले. यंदा भाव ३८० सांगितला, मी घासाघीस केली नाही. भट्टीला लागणारं सरपण महागलं आहे, माती ट्रॅक्टरने विकत आणावी लागते, आणि पावसाळ्याचे चार महिने त्यांचा धंदा बंद असतो. वरच्या तीस रुपयांत पिशवीभर चिप्स येतात. नवा माठ जरा जाड बुडाचा निवडला, प्लास्टिकची तोटी काढायला लावून पितळी बसवून घेतली, त्याचे १२० रुपये वेगळे लागले आणि ते योग्य लागले. तुम्ही घ्याल तेव्हा मार्चमध्येच घ्या, एप्रिलच्या मध्यानंतर चांगले माल संपतात आणि उरलेल्यांत भदभद वाजणारेच जास्त असतात. आणि दोन जादा वायसर तिथेच मागून घ्या.